खुणेच्या केसभर पुढे

नट चिंधीनं पुसला आणि त्याच्यावर ठिपका दिसला. पंच ठेवून हातोडीनं मारलेला, ज्वारीच्या दाण्याहून बारीक. त्याच्या समोर, मधल्या दांड्याच्या टोकावर, दुसरा. तो गाडीखाली उताणा पडला होता. डाव्या हातात पंच होता, हातोडी छातीवर ठेवली होती, टॉर्च हनुवटीखाली दाबून धरला होता, आणि जी खूण करायला तो इथं शिरला होता ती खूण करून झालेली होती. त्यानं पुन्हा पुसलं. कधीकधी घाण अशी चिकटते की खूण वाटावी. पण ठिपके गेले नाहीत, उलट स्पष्ट झाले. समोरासमोरही ते नव्हते. नटावरचा ठिपका दांड्यावरच्या ठिपक्याच्या केसभर पुढे होता. हे केसभर नसतं तर त्यानं खांदे उडवले असते. जुनी गाडी, कितीतरी हातांखालून गेलेली. पण केसभर पुढे हे त्याच्या घरचं होतं.

गाडीच्या मागच्या चाकांच्या मधे जो लोखंडी भोपळा असतो त्यात दाते असतात आणि दाते तेलात बुडालेले असतात. इंजिनाकडून आलेला लांब दांडा बाहेर एका भोकांच्या तबकडीला जोडलेला असतो, आणि तिच्यातून आखूड दांडा, म्हणजे पिनियन, भोपळ्यात शिरतो त्या तोंडाशी रबराची कडी असते. ती झिजली की तेल थेंब थेंब बाहेर येतं. कडी म्हणजे सील बदलणं हे काम तसं तासाभराचं. पण कडीपर्यंत पोचायला आखूड दांड्यावरचा मोठा नट काढावा लागतो, आणि हा नट साधा नव्हे. आतल्या दोन बेअरिंगांना तो नेमकं दाबून धरतो. कमी दाबलं तर दाते खडखडतात, जास्त दाबलं तर बेअरिंग जळतं आणि गाडी चालताना मागून कुत्रं रडल्यासारखा आवाज येतो. म्हणून उघडण्याआधी खूण करायची, लावताना त्याच खुणेवर यायचं आणि वर केसभर पुढे जायचं. केसभर कशाला, हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. "जाऊन ये आणि वर थोडं," एवढंच म्हणायचे. दादाला हे पटायचं नाही. दादा पान्याला लांब पाइप लावून, दात खाऊन, आवाज येईपर्यंत आवळायचा. केसभर पुढे जाणारी माणसं जगात दोनच होती, आणि त्यातलं एक जाऊन दहाएक वर्षं झाली होती.

म्हणजे बाबांनी उघडला असेल. हे उत्तर सोपं होतं आणि त्यानं ते लगेच घेतलं. गाडी बाबांचीच. पाणीपुरवठ्याच्या पंपावरची नोकरी सुटल्यावर ते आठवडेच्या आठवडे तिच्याखाली असायचे. पंपाला जसं कान लावून ऐकायचे तसं गाडीलाही. तिच्यातलं काही त्यांनी उघडलं नाही असं नव्हतंच. मग हा भाग त्यांनी उघडला तेव्हा आपण कुठं होतो? शाळेत, परीक्षेत, परगावी, कुठंही. प्रश्न मिटला. पण पंच त्यानं खिशात ठेवला नाही. हातातच होता, आणि हाताला त्याचं गारपण जाणवत होतं. एखादी वस्तू नुकतीच वापरून ठेवली की ती गार लागते की कोमट, याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. तो आता केला.

सकाळी तो एकदा खाली येऊन गेला होता. चहाच्या आधी. एवढं नक्की आठवत होतं, कारण गाडीखालून पार्किंगमधलं मांजर निघालं होतं आणि त्यानं टॉर्चच्या उजेडात त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं होतं की जणू हाच कुणीतरी आगंतुक. फरशी गार होती. जळक्या तेलाचा वास होता. जॅक लावला, गाडी लोखंडी घोड्यांवर घेतली, लांब दांडा खाली सोडला. मग? मग वर चहा. दांडा सोडल्यावर आणि चहाच्या आधी एक जागा होती आणि तिथं काही नव्हतं. काळोख नव्हता, नुसतं काही नव्हतं. माणूस जिना उतरताना पायऱ्या कुठं आठवतो, असं त्यानं स्वतःला समजावलं. लिफ्ट तपासणं हा त्याचा धंदा. सरकारी शिक्का असलेला तपासनीस. दोर, ब्रेक, दरवाज्याची कुलपं, वर यंत्राची खोली, खाली खड्डा. हात आपोआप जातात. मन दुसरीकडे असलं तरी हात चुकत नाहीत, हे तो शिकाऊ पोरांना अभिमानानं सांगायचा. हल्ली सांगत नव्हता. मागच्याच आठवड्यात एका इमारतीत तो शिरला आणि रखवालदार उठून उभा राहत म्हणाला, "साहेब, परत? काल ओके म्हणालात ना?" तो हसला. "काल म्हणालो म्हणूनच आज बघायचं," असं म्हणाला. रखवालदाराला हे वाक्य फार आवडलं, त्यानं ते दुसऱ्या रखवालदाराला ऐकवलं. लिफ्ट त्यानं पुन्हा पूर्ण तपासली. वर यंत्राच्या खोलीत धुळीवर बुटांचे ठसे होते. त्यानं शेजारी पाऊल ठेवून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

गाडीखालून सरकत तो बाहेर आला आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे बघून हाक मारली. बायकोनं खिडकीतून डोकं काढलं.

"अगं, सकाळी मी खाली आलो होतो ना?"

"आला होतात की. टॉर्च घेऊन."

"हातोडीचा आवाज आला का तुला? ठक, असा. एकदोनदा."

"मिक्सर चालू होता माझा. का हो?"

"काही नाही. खूण करायची होती, ती दिसतेय केलेली."

"मग बरंच झालं की. एक काम वाचलं."

ती लगेच आत गेली नाही. गज धरून उभी राहिली, आणि कपडे सुकले का हे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं. "तेल गळतंय तेच काम ना?" तिनं विचारलं. तो हो म्हणाला. "मागचं?" हो, मागचं. मग ती आत गेली. हल्ली ती असं करायची, एक प्रश्न जास्त. दाराला कडी घातलीत ना, आणि मग, बघितलीत ना घातलेली. पूर्वी ती त्याला फार विचारायची नाही. त्याचं चुकत नाही हे घरात गृहीतच होतं. पाहुण्यांत ती हे तक्रारीसारखं सांगायची, की यांच्याबरोबर भांडायची सोय नाही, तारीखवार सगळं काढतात. आता भांडण झालंच तर तीच मधेच गप्प व्हायची, हातातला पत्ता न टाकता ठेवून दिल्यासारखी.

बाबांचं सुरू झालं ते याच गाडीत. तेव्हा ते आत्ताच्या त्याच्याएवढे होते, हे त्यानं हिशेब करून काढलं नव्हतं, ते त्याला आपसूक माहीत होतं, चपलेचा नंबर माहीत असतो तसं. तो शेजारी बसला होता. चौकाजवळ बाबांनी वेग कमी केला, डावीकडचा इंडिकेटर लावला आणि थांबले. रस्ता मोकळा होता. इंडिकेटर टिकटिक करत राहिला. मागून कुणीतरी हॉर्न दिला. बाबांनी आरशात बघून हात वर केला, माफी मागितल्यासारखा, आणि तरी थांबलेच. मग हळूच त्याला म्हणाले, "डावीकडे काय आहे रे?" त्याला वाटलं गंमत करतायत. तो म्हणाला, "डावीकडे डावी बाजू आहे." बाबा हसले. खूप हसले. आणि सरळ गेले, इंडिकेटर तसाच चालू. नंतर जे झालं ते सगळं, कपडे, दारं, माणसांची नावं, ते त्यानं पाहिलं होतं आणि निभावलं होतं, त्याची त्याला भीती वाटत नव्हती. भीती त्या हसण्याची होती. ते हसणं म्हणजे आपलं काय चाललंय हे कळल्याचं होतं, की न कळल्याचं? इतकी वर्षं तो ते उलटसुलट करून बघत होता. आता आतून बघायची पाळी आली असेल तर तरी कळेल, असा एक विचार आला. तो विचार त्याला किळसवाणा वाटला आणि त्यानं पुन्हा गाडीखाली डोकं घातलं.

"तपासनीस, आहात ना आत?"

हा कर्नल. शेजारच्या गाळ्यात ज्याची गाडी असते तो. सैन्याशी त्याचा संबंध एवढाच की मिशा ठेवल्या होत्या. त्याचे पांढरे कॅनव्हासचे बूट गाडीच्या कडेशी येऊन उभे राहिले.

"आहे."

"नाही, पाय दिसतायत, पण पायांचा भरवसा काय. तुमची बायको म्हणते तुम्ही या म्हातारीचे पाय चेपता म्हणून."

"ती असं नाही म्हणत."

"मनात म्हणते. माझी तोंडानं म्हणते, हाच फरक. बरं, मागच्यासारखं संध्याकाळपर्यंत चालणार असेल तर माझी गाडी आधीच काढून ठेवतो. मागच्या वेळी तुमच्या अवजारांवरून मला उडी मारावी लागली होती."

"कुठल्या मागच्या वेळी?"

"मला काय माहीत? मी पाय बघतो. पाय नेहमी तसेच असतात." बूट वळले. "फक्त त्या दिवशी चार होते," तो जाता जाता म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. कर्नलच्या चावट बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही असा इमारतीत दंडकच होता. त्यानंही दिलं नाही.

नट सोडताना त्यानं तबकडीच्या भोकांत पहार अडकवली, तिचं टोक फरशीला टेकू दिलं आणि पाना ओढला. सोडताना एकट्याला जमतं, फरशी मदत करते. पहिल्या ओढीला सॉकेट निसटलं, नटाचे कोपरे गेले, दुसऱ्या ओढीला नट सुटला. कोपरे गेलेला नट परत लावायचा नसतो, पिशवीत नवा होता. म्हणजे ठिपक्यांचा आता काही उपयोग उरला नव्हता. त्याला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग त्याला दुसरंच आठवलं. नट सोडण्याआधी तबकडी हातानं फिरवून बघायची असते. किती जड फिरते ते हातात साठवून ठेवायचं असतं, म्हणजे खूण गेली तरी हात सांगतो. शिकवताना बाबा सगळ्यात आधी हे करायला लावायचे, ठिपका त्यानंतर. ठिपक्यांच्या नादात त्यानं ते केलंच नव्हतं. पक्कं? केलं नव्हतं? त्यानं डोळे मिटून हातात काही आहे का ते पाहिलं. हातात तेल होतं. हा विसर मात्र साधा होता, कुणालाही पडेल असा, आणि त्याला त्याची जवळजवळ माया वाटली. हा विसर त्याला माहीत तरी होता.

तबकडी ओढून काढली. सील उपसण्यासाठी छिन्नीचं टोक घातलं आणि तो जोर लावायच्या तयारीत राहिला. बाबांच्या काळातलं सील म्हणजे दगड झालेलं असणार, तुकड्यातुकड्यानं निघणार. ते एका झटक्यात निघालं आणि हातात आलं. रबर मऊ होतं. बोटांत दाबलं तर दबलं आणि परत वर आलं. कडेवरचे आकडे नुकते छापल्यासारखे उठलेले. खराब झालं होतं ते फक्त आतल्या ओठाशी, आणि त्याचं कारणही समोर होतं. तबकडीची जी मान सीलमधून आत जाते तिच्यावर चर पडली होती, नखाला लागेल एवढी. अशा चरीवर नवं सील बसवलं तर ते वर्षभरात गळणार, हे ठरलेलं. कुणीतरी चर न बघता नवं सील बसवलं होतं. दहा वर्षांपूर्वी नव्हे. त्यानं ते सील उजेडात धरलं. बाबा आता यातून निघून गेले होते. त्यांनी निघून जावं असं त्याला वाटत नव्हतं, पण रबर मऊ होतं, आणि मऊ रबरापुढं काही चालत नाही.

उरला दादा. गाडी मधे काही महिने दादाकडे होती, दुसऱ्या गावी. हात पुसून त्यानं फोन लावला.

"बोल बारक्या."

"दादा, गाडी तुझ्याकडे होती तेव्हा मागचं सील बदललंस का रे? पिनियनचं?"

"हो."

इतक्या लगेच. त्याला बरं वाटलं, आणि लगेच आलेल्या उत्तराचं बरं वाटू नये असंही वाटलं.

"तू स्वतः?"

"मी स्वतः. का, गळतंय? गळणारच. माझं काम."

"पंचानं खूण केलीस?"

"केली असेल. करतात ना?"

"तू कधीच करत नाहीस. पाइप लावतोस."

पलीकडे दादानं कसलंसं भांडं सरकवल्याचा आवाज आला. "म्हातारपणी माणूस सुधारतो," दादा म्हणाला. मग म्हणाला, "तू सुट्टीच्या दिवशी आडवा पडून हेच करतोस का? चालत जा जरा. हवा घे." मग, "ऐक, मी जाऊन आलो. डोक्याच्या डॉक्टरकडे. म्हटलं बाबांचं होतं, बघून घ्यावं. चित्रं दाखवतात, उलटे आकडे म्हणायला लावतात. काही विशेष नसतं. तूही जाऊन ये."

"तुझं काय निघालं?"

"माझं काय निघायचं. म्हणाले, आकडे येतात पण स्वभाव वाईट आहे." दादा हसला नाही. "ती आहे का घरात? दे तिला फोन."

"मी खाली आहे, ती वर आहे."

"मग राहू दे. मी करतो तिला."

मी करतो तिला. दादा त्याच्या बायकोला फोन कधी करायचा? सणासमारंभाला, आणि तोही त्याच्याच फोनवरून. त्यानं फोन बॉनेटवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. वर खिडकीत फोन वाजल्याचं त्याला ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तर काय सिद्ध झालं असतं हेही त्याला सांगता आलं नसतं. दादानं बदललं. दादानं खूण केली, केसभर पुढे नेली, आयुष्यात पहिल्यांदा. अशक्य नाही. माणसं बदलतात. तो हे वाक्य दोनतीनदा मनात म्हणाला. प्रत्येक वेळी ते जरा ढिलं झालं.

हातांना काम हवं होतं. पिशवीत दुकानदारानं सीलबरोबर पातळ पोलादी बांगडी दिलेली होती, चरीवर चढवायची. ती त्यानंच मागून घेतली असणार. म्हणजे आणायला गेला तेव्हा चर आहे हे त्याला ठाऊक होतं. मानेवर त्यानं ती बसवली. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावलं, ते तोंडाशी ठेवलं आणि पाइपच्या तुकड्यानं चारी बाजूंनी हलके हलके ठोकत नेलं, एक बाजू पुढे गेली की थांबून दुसरी. हे चुकलं नाही. हात खरंच चुकत नव्हते. तबकडी चढवली, नवा नट बोटांनी बसेल तेवढा बसवला. आता आवळायचं. आवळताना फरशी मदत करत नाही, पहार उलटी वर उसळते, ती दाबून धरायला दुसरं माणूस लागतं. नेहमी कोण धरायचं? दादा. लहानपणी तो स्वतः, बाबांसाठी. नंतर कोण? त्यानं पुन्हा खिडकीकडे बघून हाक मारली. "जरा खाली येतेस? पहार धरायची आहे."

ती आली. साडीचा पदर खोचलेला, आणि उजव्या हातात भट्टीजवळ काम करणाऱ्यांचा असतो तसला जाड चामडी हातमोजा. असला मोजा घरात आहे हे त्याला माहीत नव्हतं. कोपऱ्यातला पुठ्ठा तिनं ओढून घेतला, गाडीच्या डाव्या अंगाला टाकला, त्यावर आडवी झाली आणि सरकत आत आली, डोकं बरोबर आडव्या नळीखालून वाकवून. त्यानं अजून काहीच सांगितलं नव्हतं. तिनं पहार घेतली, तबकडीच्या वरच्या दोन भोकांत अडकवली, लांब टोक आपल्याकडे घेतलं आणि त्यावर मोज्याचा हात ठेवून कोपर फरशीला टेकवलं. मग मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, झाली का तुमची तयारी, अशा अर्थानं.

तो मोज्याकडे बघत होता.

ते तिला दिसलं. पहारीवरचा हात तिनं काढला नाही, पण चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. महिनोन्‌महिने प्रत्येक शब्द पारखून बोलणारी बाई, आणि कोपर फरशीला कुठं टेकवायचं ते तिला लपवता आलं नव्हतं. दोघांची तोंडं हातभर अंतरावर होती. एवढ्या जवळून आणि एवढ्या आडवं तिला त्यानं उजेडात कधी पाहिलं होतं? कर्नलचे चार पाय त्याला आता कळले, आणि त्यानं ते बाजूला ठेवून दिले.

"मागच्या वेळी लागलं होतं का?" त्यानं विचारलं.

"नखाला. फार नाही."

"काळं पडलं होतं?"

"पडलं होतं. गेलं." मोज्याची बोटं पहारीवर घट्ट करत ती म्हणाली, "मोजा तुम्हीच आणून दिलात."

त्यानं आठवणीत काळं नख शोधून पाहिलं. तिचं नख, महिनोन्‌महिने रोज पानात वाढणाऱ्या हाताचं. सापडलं नाही. दुकानात शिरून मोजा विकत घेणारा एक माणूस त्याला दिसत होता. तो बायकोच्या हाताचा अंदाज करतोय, दुकानदाराला सांगतोय, याच्याहून लहान नाही का. चांगला माणूस वाटत होता. पण तो ऐकलेला होता, आठवलेला नव्हता.

"दादाला तू सांगितलंस?"

"सांगितलं. तुम्हाला कसं सांगायचं ते विचारायला. तर ते स्वतःच रडायला लागले." ती छताकडे, म्हणजे गाडीच्या पोटाकडे बघत बोलत होती. "मला वाटलं, एवढं एक काम विसरलात तर विसरलात. मी काय सगळं लक्षात ठेवते? पण तुम्ही संध्याकाळी किती खूश होतात त्या दिवशी. ते विसरलात हे मला..." तिनं वाक्य सोडून दिलं. "आवळा ना. हात भरून आला माझा."

त्यानं पाना लावला आणि ओढला. नट फिरला, मग जड झाला. इथून पुढं खरं काम. इथून पुढं थोडंथोडं जायचं आणि दर वेळी तबकडी फिरवून बघायची, आणि मुख्य म्हणजे पुढे गेलं की मागे येता येत नाही. आत बेअरिंगांच्या मधे एक पोलादी नळी असते ती चेपत जाते, चेपली ती चेपली. बेताचं किती, हे सांगणारा नट कचऱ्यात होता, आणि स्वतःच्या हातात त्यानं काही साठवलं नव्हतं. त्यानं तबकडी फिरवली. फिरली. हलकी की जड? कशापेक्षा? हात चांगला होता, पण त्याला विचारायला काही नव्हतं.

तो थांबला. अंदाजानं आणखी ओढता आलं असतं. तिला कळलंही नसतं. गाडी पुढच्या महिन्यात रडायला लागली असती, नसती. तो पाना धरून पडून राहिला, आणि मग अगदी रोजच्या आवाजात, मीठ किती घातलंस असं विचारावं तसं म्हणाला,

"मागच्या वेळी मी तुला हे फिरवून बघायला लावलं असेन."

"लावलं होतं."

"मोजा काढ. बघ फिरवून."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नको. तेव्हा कसं होतं तेवढं सांग."

तिनं पहार बाजूला घेतली, मोजा काढला आणि तबकडीवर बोटं ठेवली. नखं स्वच्छ होती, पाचही. तिनं तबकडी हळू फिरवली, डोळे मिटून, मग उलटी फिरवली.

"हलकं आहे. तेव्हा याहून जड होतं."

"खूप?"

"खूप नाही. थोडं."

तिनं पुन्हा मोजा घातला, पहार अडकवली, कोपर टेकवलं. त्यानं ओढलं, इंचभरही नाही. तिनं मोजा काढला, फिरवलं, मान हलवली. अजून. पुन्हा पहार, पुन्हा ओढ. बाहेरून कुणीतरी गाडी सुरू केली, धूर खालून आत आला, ती खोकली आणि खोकतानाही पहार सोडली नाही. त्यानं ओढलं.

तिनं बोटं ठेवली. फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. त्याला वाटलं आता ही काहीतरी विचारेल, तुम्हाला काय वाटतं म्हणेल. तिनं विचारलं नाही.

"बस," ती म्हणाली.

त्यानं पाना नटावरून काढून फरशीवर ठेवला.